पोस्ट खोडली तरी नोंद राहिली पाहिजे: नगरपालिकेच्या समाजमाध्यमांचे दप्तर

आपण बडोद्याजवळच्या एका नगरपालिकेच्या जनसंपर्क शाखेत काम करता. पुराच्या दिवसांत कार्यालयाने फेसबुकवर आणि एक्सवर टाकलेल्या सूचना, त्यांत नंतर केलेले बदल, काढून टाकलेल्या पोस्ट आणि तक्रारींना दिलेली उत्तरे एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागितली आहेत. समाजमाध्यमांवरचा मजकूर म्हणजे दप्तर नव्हे, तो कंपनीकडे असतो, तेव्हा तसे कळवून अर्ज निकाली काढावा, असे आपल्या वरिष्ठांचे म्हणणे आहे आणि ते आपल्याला पटत नाही. आपल्या हाताशी काही स्क्रीनशॉट आणि संगणकावर उतरवून घेतलेले एक फोल्डर आहे. पुढे हे काम कसे लावावे, असेही आपण विचारले आहे. दप्तराच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची बरीच वर्षे याच प्रकारच्या नोंदी सांभाळण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याला जे पटत नाही, ते कायद्यालाही पटणारे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २(च) मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेल, परिपत्रके, प्रसिद्धीपत्रके आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री स्पष्ट शब्दांत येते, आणि त्याच कलमातील ‘अभिलेखा’च्या व्याख्येत संगणकाने किंवा अन्य उपकरणाने तयार झालेली सामग्रीही येते. मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर आहे हा मुद्दाही टिकत नाही, कारण कार्यालयाजवळ असलेली आणि त्याच्या नियंत्रणाखाली असलेली, अशा दोन्ही प्रकारची माहिती कायदा धरतो. ज्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे, ज्यावर लिहिणे, बदलणे आणि पुसणे आपल्या हातात आहे, ते खाते नियंत्रणाखाली नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? कलम ४(१)(क) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायला सांगते. शिवाय मागितलेली माहिती नष्ट केल्यास जनमाहिती अधिकाऱ्याला कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरिष्ठांना हे लेखी टिपणीवर दाखवावे. टिपणी तोंडी सांगण्यापेक्षा सौम्य वाटते आणि जास्त काम करते.

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांच्या कार्यालयांसाठी आहे, त्यामुळे तो नगरपालिकेला थेट लागत नाही. मात्र अभिलेख अधिकारी नेमणे, नोंदी तपासून मगच काढणे आणि काढलेल्यांची यादी ठेवणे, ही त्यातली पद्धत उसनी घेण्यासारखी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मात्र आपल्याला उपयोगी पडतो. त्याच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद जपण्याच्या तीन अटी आहेत: नोंद पुढे पाहता आली पाहिजे, ती मूळ स्वरूपात, किंवा मुळाशी तंतोतंत जुळते असे दाखवता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कोठून निघाली, कोणाला गेली, कोणत्या दिवशी व वेळी गेली, हे सांगणारा तपशील तिच्यासोबत असला पाहिजे. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या तीन अटींचाच विस्तार आहे.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. गायकवाडी कारभाराचे हुकूम ‘आज्ञापत्रिके’त छापून प्रसिद्ध होत आणि कारभाराचे कागद बडोद्याच्या कोठी कचेरीतल्या दप्तरात राहत. मी तिथे मोडी कागद चाळायला बसत असे तेव्हा एक गोष्ट मनावर ठसली. जुन्या कारकुनाने चुकलेली ओळ खरवडून काढलेली नसे. तिच्यावर आडवी रेघ मारून वर दुरुस्ती लिहिलेली असे, आणि खालचे चुकलेले अक्षरही वाचता येई. आपल्या बारनिशीतही, म्हणजे आवक-जावक नोंदवहीतही, आजवर हाच नियम आहे: खोडायचे ते वाचता येईल असे खोडायचे आणि शेजारी आद्याक्षरी करायची. फेसबुकवर ‘संपादित करा’ दाबताना आपण नेमका हा नियम मोडतो. जुनी ओळ नागरिकाच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि कार्यालयाने ती वेगळी राखली नसेल तर कार्यालयाच्याही हातून जाते.

याचा चटका मला एका पुरात बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने बडोद्यात पस्तीस फुटांची पातळी ओलांडली तेव्हाची आठवण सगळ्यांना आहे. मी सांगते ती गोष्ट त्याआधीची, दुसऱ्या एका लहान गावातली आणि लहान पुराची आहे. तिथल्या नियंत्रण कक्षाने रात्री एका वस्तीला ‘स्थलांतराची गरज नाही’ असे पानावर कळवले, तासाभराने तीच पोस्ट बदलून ‘सखल भागातील रहिवाशांनी शाळेत जावे’ असे केले आणि पहाटे तिसऱ्यांदा बदलली. पुढे चौकशी लागली तेव्हा पानावर फक्त शेवटचा मजकूर होता. एका दुकानदाराने पहिल्या मजकुराचा स्क्रीनशॉट आणला. कार्यालयातल्या एका लेखनिकाकडेही दुसऱ्या मजकुराचा होता. दोन्हींवर वेळेच्या जागी ‘२ तासांपूर्वी’ एवढेच होते. कशाच्या दोन तासांपूर्वी? फोनच्या गॅलरीतल्या तारखेवरून अंदाज बांधावा तर दुकानदाराचा फोन मध्ये बदललेला होता आणि चित्र व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले होते. त्या कक्षातली माणसे रात्रभर जागून प्रामाणिकपणे काम करत होती आणि पाणी वाढत गेले तशी सूचना बदलणे हेच त्यांचे कर्तव्य होते. ते त्यांना सिद्ध करता आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. नोंद ठेवली असती तर ती त्यांच्याच बाजूने बोलली असती.

म्हणून माझा पहिला आग्रह साधा आहे. पोस्ट टाकणारा माणूस बदल करण्याआधी आधीचा मजकूर उतरवून घेईल, आणि काढून टाकण्याआधी तर घेईलच. यासाठी एक ‘बदल व वगळणी नोंदवही’ ठेवा. ती कागदाची असली तरी चालेल. तिच्यात पोस्टचा दुवा, जुना मजकूर, नवा मजकूर, कारण, कोणाच्या सांगण्यावरून बदल झाला, तारीख, वेळ आणि आद्याक्षरी असावी. नागरिकाची टिप्पणी लपवली किंवा कोणाला ब्लॉक केले तरी त्याची नोंद याच वहीत झाली पाहिजे, कारण उद्या ‘माझी तक्रार का पुसली?’ असे विचारणाऱ्याला कारण सांगता आले पाहिजे. सर्वांत आधी काय सुरू करावे असे मला कोणी विचारले तर मी महागड्या सॉफ्टवेअरआधी या वहीचे नाव घेईन.

दुसरी गोष्ट, पोस्ट एकटी नोंद होत नाही. ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ हे उत्तर जपले आणि ज्या तक्रारीला ते दिले ती जपली नाही, तर हाती काहीच राहिले नाही. प्रश्न, उत्तर, जोडलेले छायाचित्र, लिहिणाऱ्या खात्याचे नाव, तारीख-वेळ आणि पानाचा पूर्ण दुवा हे सगळे मिळून एक नोंद होते. कंपन्यांनी दिलेल्या ‘आपली माहिती डाउनलोड करा’ या सोयीची मर्यादा इथेच दिसते. तिच्यात आपण लिहिलेले बहुतेक येते; नागरिकांनी खाली लिहिलेले सहसा पूर्ण येत नाही. ते पान उघडून वेगळे उतरवून घ्यावे लागते.

आता त्या फोल्डरविषयी. ते फेसबुकवरून जेसन स्वरूपात, म्हणजे यंत्राने वाचायच्या मांडणीत, उतरवलेले असेल तर गुजराती, मराठी आणि हिंदी मजकुराच्या जागी आपल्याला टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसली असेल. मजकूर बिघडलेला नाही, घाबरू नये. फाइल लिहिताना युनिकोडचे बाइट चुकीच्या संकेतात मांडले जातात. माहितगार संगणक-माणूस ते लॅटिन-१ या चुकीच्या संकेतातून परत यूटीएफ-८ या योग्य संकेतात आणून देऊ शकतो. मूळ फाइल मात्र अजिबात न बदलता बाजूला ठेवा आणि दुरुस्ती प्रतीवर करा. यापुढे जेसन आणि एचटीएमएल अशा दोन्ही स्वरूपांत उतरवा, म्हणजे एक यंत्राला आणि एक माणसाला वाचता येईल.

त्याहून फसवी गोष्ट वेळेची आहे. त्या फाइलींत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते आणि बहुतेक साधने ती जागतिक प्रमाणवेळेत उलगडतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे २७ ऑगस्टला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी दिलेला इशारा फाइलीत २६ ऑगस्ट, रात्री ८ वाजून ४० मिनिटे असा दिसेल. पुराच्या चौकशीत हा फरक जीवघेणा आहे: इशारा वेळेवर गेला की नाही, याचा निकालच त्याने उलटा होईल. प्रत्येक वेळेसमोर ‘भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहून ठेवा आणि रूपांतर कोणी केले तेही लिहा.

पान दिसते तसे जपण्यासाठी वॉर्क नावाचे स्वरूप आहे, आयएसओ २८५०० या मानकाने ठरवलेले. जगभरची मोठी संग्रहालये संकेतस्थळे याच स्वरूपात साठवतात. वेबरेकॉर्डर प्रकल्पाच्या मोफत साधनांनी ब्राउझरमधूनच अशी प्रत घेता येते आणि पुढे इंटरनेट नसतानाही ते पान उघडून, खाली सरकवून पाहता येते. आपोआप फिरणारी साधने फेसबुकच्या लॉगिनच्या दारावर अडकतात, तेव्हा हे काम हाताने, टिप्पण्या एकेक उलगडत करावे लागते. एक सावधगिरी मात्र घ्यावी: आपल्या रोजच्या खात्यातून लॉगिन करून प्रत घेतली तर आपल्या खासगी सूचना आणि लॉगिनची ओळखही त्या फाइलीत जाऊन बसते. यासाठी वेगळे कार्यालयीन खाते ठेवा. आणि एवढे शिकायला आज वेळ नसेल तर पूर्ण पान पीडीएफमध्ये छापून घ्या. मात्र छापण्यापूर्वी पोस्टच्या वेळेवर टिचकी मारून तिचे स्वतंत्र पान उघडा, म्हणजे पूर्ण तारीख आणि दुवा दोन्ही कागदावर येतील.

छायाचित्रे आणि चित्रफिती पानावरून परत उतरवून घेणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यासारखे आहे. चढवताना कंपन्या त्या दाबून लहान करतात आणि कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख, स्थळ वगैरे तपशील बहुधा काढून टाकतात. मूळ फाइल कॅमेऱ्यातून थेट कार्यालयाच्या साठ्यात यावी आणि तिथूनच पुढे पानावर जावी. सर्वसाधारण सभेचे थेट प्रक्षेपण फेसबुकवर होत असेल तर हे आजच पाहा: फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या थेट चित्रफिती फक्त ३० दिवस राहतात. सभा झाली, इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर व्हायचे आहे, आणि तोवर चित्रफीत गेलेली, असे सहज घडू शकते.

कंपनीच्या भरवशावर राहू नये, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले, गूगल प्लस २०१९ मध्ये गेले, आणि अनेक सरकारी खात्यांनी मोठ्या उत्साहाने ज्यावर पाने उघडली ते आपल्याच देशातले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाले. तिथे कोणाच्या तक्रारीला कोणी काय उत्तर दिले होते, ते ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्याकडेच आज असेल.

उतरवलेल्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढून वहीत लिहा. हॅश म्हणजे फाइलीच्या प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेला एक लांब आकडा. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो. एसएचए-२५६ ही पद्धत वापरा. साध्या संगणकावरही त्याला काही सेकंद लागतात. याचे महत्त्व न्यायालयात कळते. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ साठी त्या प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिलेला आहे. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे, आणि हॅशचा आकडा व पद्धत दोन्हींत लिहायची आहे. तीन वर्षांनी काढलेला हॅश तीन वर्षांनंतरची फाइल कशी होती एवढेच सांगेल, म्हणून तो उतरवल्या दिवशीच काढायचा.

प्रती तीन ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. आपल्या भागात मी यात एक भर घालते: ती दुसरी इमारत त्याच नदीच्या पूररेषेत नसावी आणि हार्ड डिस्क तळघरात किंवा खालच्या फडताळात नसावी. पुराच्या नोंदी पुरातच भिजल्या, असे व्हायला नको. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीतल्या काही फाइली खरोखर उघडून पाहा आणि हॅश जुळवा. डबा बंद आहे म्हणजे आत धान्य चांगलेच असेल असे नाही.

खाती कोणाच्या नावावर आहेत, हे तपासले आहे का? पान एखाद्या कंत्राटी मुलाच्या मोबाइल नंबरवर उघडलेले असते, तो नोकरी सोडतो, आणि पासवर्ड परत मिळवण्याचा संदेश त्याच्याच फोनवर जात राहतो. खाते कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या सिमवर हवे, आणि बदलीच्या वेळी शिक्के, किल्ल्या आणि नोंदवह्या जशा पदभाराच्या यादीत लिहितात तशी समाजमाध्यमांची खातीही लिहिली गेली पाहिजेत. अध्यक्षांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या वैयक्तिक खात्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लिंडके विरुद्ध फ्रीड या खटल्यात, पोर्ट ह्युरॉन शहराच्या व्यवस्थापकाच्या फेसबुक पानाविषयी, दोन प्रश्न विचारायला सांगितले: शासनाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या माणसाला खरोखर होता का, आणि ती पोस्ट लिहिताना तो त्या अधिकाराने बोलत होता का. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि तो अभिलेखांविषयीही नव्हता. पण गाळणी म्हणून हे प्रश्न उत्तम आहेत. मुलाच्या वाढदिवसाचे छायाचित्र साहेबांचे. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना कार्यालयाची, मग ती कोणत्याही खात्यावरून गेलेली असो. अशी सूचना आधी कार्यालयाच्या पानावर टाकावी आणि साहेबांनी ती तिथून पुढे पाठवावी, एवढ्या शिस्तीने निम्मा वाद मिटतो.

व्हॉट्सॲपच्या प्रभागवार गटांनाही हेच लागू आहे, आणि तिथे नुकसान जास्त होते, कारण खरे आदेश हल्ली तिथेच दिले जातात. ‘पंप सुरू करा’, ‘शाळेची चावी कोणाकडे आहे’, ‘बोट निघाली’ हे संदेश म्हणजे त्या रात्रीचा कारभार आहे. कार्यालयीन गटात संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, दर आठवड्याला गट निर्यात करून साठ्यात घ्या, आणि ज्या संदेशाने निर्णय झाला तो दुसऱ्या दिवशी टिपणी म्हणून फाइलीवर आणा.

सगळे कायमचे ठेवायचे का? नाही. दिवाळीच्या शुभेच्छा आणि पूरइशारा यांना एकच मुदत देणे म्हणजे दप्तराचा उकिरडा करणे आहे. कार्यालयाच्या अभिलेख वर्गीकरणाच्या तक्त्यात ‘समाजमाध्यमे’ असा वेगळा वर्ग करू नका, कारण समाजमाध्यम हा विषय नसून वाहन आहे. पाणीपुरवठ्याची सूचना पाणीपुरवठ्याच्या मुदतीप्रमाणे, तक्रार तक्रारीच्या फाइलीप्रमाणे, आपत्तीच्या काळातले सर्व काही आपत्तीच्या अभिलेखाबरोबर. उतरवताना मात्र निवड करत बसू नये. काढायचे ते नंतर, मुदत संपल्यावर, लेखी मंजुरीने काढावे. ज्यावर अर्ज, अपील किंवा दावा चालू आहे त्याला तोवर हात लावू नये.

राहिला आपल्यापुढचा अर्ज. त्याला अर्ज मिळाल्यापासून तीस दिवस आहेत, म्हणून आजच दोन्ही खात्यांचे पूर्ण डाउनलोड मागवा, पूरकाळातल्या पोस्ट टिप्पण्यांसह उतरवा, आणि अर्ज निकाली निघेपर्यंत त्या काळातले काहीही बदलू किंवा पुसू नये असा लेखी आदेश शाखेत फिरवा. फेसबुक आपल्या पोस्टचा संपादन-इतिहास पोस्टच्या कोपऱ्यातल्या यादीतून दाखवते. तो उघडून प्रत्येक आवृत्ती वेळेसह छापा. पुसलेल्या पोस्ट कचरापेटीत तीस दिवस राहू शकतात, तिथेही आधी पाहा. आपल्याकडचे स्क्रीनशॉट टाकाऊ समजू नका. ते कोणी, कोणत्या फोनवर, केव्हा घेतले हे त्या त्या माणसाकडून लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट म्हणूनच द्या. ज्या पोस्ट पुसल्या गेल्या आणि कोठेच सापडत नाहीत, त्यांच्याबद्दल ‘उपलब्ध नाही’ एवढ्यावर न थांबता कोठे शोधले, कोणी शोधले आणि का मिळाले नाही, ते लिहा.

देताना टिप्पण्या एकदा माणसाच्या नजरेने वाचून घ्या. पुराच्या रात्री लोकांनी घरचा पत्ता, फोन नंबर, आजारी आईचे औषध, सगळे उघड्यावर लिहिलेले असते. ते मदतीसाठी लिहिले होते. मूळ नोंद जशीच्या तशी बंद ठेवा, द्यायच्या प्रतीत असे तपशील झाका, आणि माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे कोणता भाग वगळला व का, हे उत्तरात स्पष्ट लिहा.